उतईच्या अंगणातला पास

सरांना कुणी गुडघ्याबद्दल विचारलं, की ते प्रत्येकाला वेगळी गोष्ट सांगत. हजेरी ऑफिसातल्या बंगाली साहेबाला त्यांनी सांगितलं होतं, की कलकत्त्याला मॅच खेळताना पाय मुडपला. शेजारच्या मद्रासी कुटुंबाला सांगितलं, लहानपणी बैलगाडीखाली आलो. आम्हा मुलींना सांगितलं, मेळघाटात अस्वल मागे लागलं होतं. आणि हे सांगताना चेहरा इतका गंभीर, की आमच्यातल्या दोघीतिघींनी घरी जाऊन ते खरं म्हणून सांगितलं. डावा पाय त्यांना पूर्ण दुमडता येत नसे. बसले की तो समोर लांब पसरलेला असायचा, आणि येणारा-जाणारा त्याला अडखळायचा.

खरं काय ते पुष्कळ दिवसांनी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सांगितलं. सर नागपूरला कॉलेजात बास्केटबॉल खेळायचे. त्यांचा खेळ बघायला दुसऱ्या कॉलेजांची मुलं सायकली हाणत यायची म्हणे. विद्यापीठाच्या टीममध्ये त्यांची निवड झाली होती आणि दुसऱ्या दिवशी गाडीनं निघायचं होतं. होस्टेलच्या पोर्चमध्ये मित्रांनी विचारलं, त्या वरच्या तुळईला तुझा हात लागेल का? सरांनी उडी मारली. हात लागला. खाली येताना फरशी ओली होती.

"बस्स," काकू म्हणाल्या. "तुळईले हात लावून आले, अन् जिंदगीभर बसले."

साठ सालानंतरची ती वर्षं. रायपूरजवळचा पोलादाचा कारखाना अजून पुरता उभा राहायचा होता. माझे बाबा तिथे फिटर होते आणि आम्ही सेक्टर सहामध्ये क्वार्टरला राहत होतो. रस्ते आखलेले, पण दोन्ही बाजूंना खणलेली माती. झाडं लावलेली, पण गुडघ्याएवढी. सगळे कुठून कुठून आलेले. आमच्या लाइनीत भंडाऱ्याचे, गोंदियाचे बरेच लोक होते. शेती भावांवर टाकून आलेले, अजून चपलेपेक्षा अनवाणी बरं वाटणारे. सर त्यातलेच, पण शिकलेले. हजेरी ऑफिसात कारकून होते. सुटी झाली की सायकलवरून सरळ आमच्या शाळेमागच्या रिकाम्या जागेत यायचे. ती जागा त्यांनी मुख्याध्यापिका बाईंकडून मागून घेतली होती. लोकांना वाटलं, बाग करणार. त्यांनी स्वतः धुम्मस घेऊन मुरूम ठोकला. यंत्रांबरोबर रशियाहून येणाऱ्या खोक्यांच्या फळ्या जोडून बोर्ड केला. त्या फळ्यांवरची परकी अक्षरं त्यांनी पुसली नाहीत. एका वेल्डरकडून लोखंडी रिंग वाकवून घेतली. आणि मग शाळेत येऊन म्हणाले, मला मुली द्या.

मुलंच का नाहीत, असं बाईंनी विचारलं तर म्हणाले, "पोट्टे ऐकत नाई. पोट्ट्याईले वाटते का आपल्याले येते."

आमच्या आयांनी आम्हाला पाठवलं ते केवळ काकूंमुळे. काकू रोज मैदानाच्या कडेला सतरंजी टाकून बसायच्या. मांडीवर सूप, त्यात तांदूळ. तांदूळ निवडून झाले तर गहू. त्यांना मूल नव्हतं. आमच्या जाड कापडाच्या सलवारी त्यांनीच शिवल्या होत्या. खेळाकडे त्या फारशा पाहत नसत, पण कुणी गुडघा फोडून घेतला की हळदीची डबी त्यांच्याजवळच असायची.

बॉल एकच होता. तो सर भाजीच्या पिशवीतून आणायचे आणि सुरुवातीचे कितीतरी दिवस त्यांनी तो पिशवीतून बाहेरच काढला नाही. आम्ही बॉलशिवाय खेळायचो. रिकाम्या हातांनी पळायचं, रिकाम्या हातांनी पास द्यायचा, समोरचीनं रिकाम्या हातांनी तो झेलायचा. आणि सर ओरडायचे, "पडला! बॉल पडला तुह्या हातातून! उचल!" मग आम्ही खरंच वाकून मातीतून काहीतरी उचलायचो. कुंपणाबाहेर थांबलेले लोक पोट धरून हसायचे. पण महिनाभरात आम्हाला कळायला लागलं, की सर सांगतात तिथेच बॉल पडलेला असतो. कोपर बाहेर गेलेलं असायचं, नजर भलतीकडे असायची. तो पडलाच असता.

मुलींची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. दोषावरून त्यांनी आम्हाला नावं ठेवली होती. एक होती 'कोपर', एक 'घाई'. पास द्यायला नेहमी वेळ लावायची म्हणून मी 'उशीर'. रस्त्यात भेटले तरी, "काय उशीर, कुठं चालली?" माझ्या आईला ते अपमानाचं वाटायचं. शाबासकी म्हणून ते खिशातून फुटाणे काढायचे आणि एक फुटाणा द्यायचे. एकच. कुणी दुसरा मागितला तर म्हणायचे, "दोनाचं काम केलं का तू?"

एकदा एक रशियन बाई तिथून जात होती. इंजिनियरची बायको असावी. छापील फ्रॉक, हातात टोमॅटोची जाळी. ती थांबली, जाळी काकूंच्या सतरंजीवर ठेवली, आमच्यातल्या एकीच्या हातून बॉल घेतला आणि जिथे होती तिथूनच टाकला. रिंगला स्पर्शही न होता तो आत गेला. सर उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. नंतर ती अधूनमधून यायची. ती रशियनमध्ये बोलायची, सर मराठीत, आणि दोघं तावातावानं भांडायची, ती हात असे धरा म्हणून दाखवायची आणि सर मान हलवायचे, "नाई, नाई, बाई, मनगट! मनगट पाहा!" मग तिच्या नवऱ्याचं काम संपलं आणि ते लोक परत गेले. सर पुष्कळ दिवस तिची आठवण काढायचे. "तिच्याशी बोलता येत होतं," म्हणायचे.

यमुना त्यांना रविवारच्या बाजारात सापडली. तिचे वडील जड सामान चढवणाऱ्या मजुरांच्या टोळीत होते आणि आई बाजारात भाजी विकायची. त्या दिवशी ट्रकमधून टरबुजं उतरत होती. वरून एक माणूस टरबूज फेकत होता आणि खाली यमुना झेलून ढीग लावत होती. ती झेलताना टरबुजाकडे पाहतच नव्हती. मान वळवून आईशी कशावरून तरी वाद घालत होती. सर उन्हात ट्रक रिकामा होईपर्यंत उभे राहिले. मग तिला म्हणाले, "कोन्या शाळेत जाते तू?" ती घाबरली. तिला वाटलं, बाजारातले कर वसूल करणारे चुंगीवाले असतील.

ती आमच्याच शाळेत होती, माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर. उंचीमुळे तिला तिथे बसवलं होतं. मुली तिला खांब म्हणायच्या. ती चालायची खांदे पाडून, जणू उंचीबद्दल माफी मागत. मैदानावर आली आणि पहिल्या आठवड्यात ते खांदे वर आले. तिला सरांनी रिकाम्या हातांचा खेळ शिकवलाच नाही. पिशवीतून बॉल काढला आणि तिच्या हातात दिला.

तिचं मला वर्णन करता येत नाही. मी शिक्षिका झाले, पुढे कितीतरी मुलींना खेळताना पाहिलं, पण तसं नाही. ती पळतेय असं वाटायचंच नाही. बॉल जिथे येणार तिथे ती आधीच असायची. ती खेळत असताना सर ओरडायचे नाहीत. गप्प उभे राहायचे, खिशात हात घालून, आणि त्यांचा लंगडा पाय तिच्याबरोबर थोडा थोडा हलायचा. तिला त्यांनी कधी दुसरं नाव दिलं नाही. तिला ते यमुना म्हणायचे.

तिच्या वडिलांकडे परवानगी मागायला सर आणि काकू दोघं गेले होते. वडील म्हणाले, "खेळू द्या. पन लगन जमेपर्यंत. मंग नाई. मले अजून दोन पोरी हायेत मांगं."

"हो हो," सर म्हणाले. त्यांनी ते ऐकलं होतं असं मला वाटत नाही.

रायपूरला शाळांचे सामने झाले. आम्ही कशाबशा शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो आणि हरलो. सामना संपत आला तेव्हा सर मैदानाकडे पाठ करून बसले होते. नंतर विचारलं तर म्हणाले, मले आवाजानं समजते, पाहून छातीत धडधड होते. पण हरल्याचं त्यांना काही वाटलं नाही, कारण सामना बघायला आलेल्या राज्याच्या निवड समितीतल्या एकानं यमुनेचं नाव लिहून घेतलं होतं. जबलपूरला शिबिर होणार होतं. तिथून राज्याची टीम निवडली जाणार होती. परतताना पॅसेंजरमध्ये सर खिडकीशी बसले होते, पाय समोरच्या बाकावर. आमचं स्टेशन येईपर्यंत ते बोलत होते. नागपूरचं कॉलेज, तिथलं मैदान, त्यांचे मित्र. हे त्यापूर्वी त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. काकू मध्येच म्हणाल्या, "पोरींले झोपू द्या आता." सर म्हणाले, "अवो, इतक्या वर्षांत एक पोरगी भेटली मले. बोलू दे ना."

उन्हाळ्यात यमुनेचं लग्न जमलं. स्थळ जवळच्या उतई गावचं होतं, मूळचे आपल्याच बाजूचे, तुमसरकडून येऊन इकडे जमीन घेतलेले. मुलगा कारखान्यात लागलेला, सायकलनं जाऊन येऊन करणारा. आमच्या लाइनीत सगळ्यांना वाटलं, पोरीचं नशीब उघडलं. सर तिच्या वडिलांकडे तीनचारदा गेले. एक वर्ष थांबा म्हणाले. मग, सहा महिने थांबा. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "सर, तुमाले पोरगी नाई."

लग्नाला सर आले. पंगतीत जमिनीवर बसले, पाय आडवा पसरून, आणि वाढपी तो पाय ओलांडून वाढत गेले. त्यांनी कुणाशी शब्द काढला नाही, पण भरपूर जेवले. काकूंनी यमुनेची ओटी भरली. सरांनी वेगळं पुडकं आणलं होतं, वर्तमानपत्रात बांधलेलं. ते त्यांनी स्वतः तिच्या हातात दिलं. सासरच्या बायकांनी तिथेच सोडलं. आत पांढरे कॅनव्हासचे बूट होते. बायका हसल्या. यमुना खाली बघत राहिली. तिच्या सासूनं ते बूट उचलून उलटसुलट करून पाहिले आणि परत कागदात गुंडाळले.

आम्हाला वाटलं, संपलं. पण शिबिराचं बोलावणं आलं आणि एका रविवारी दुपारी सर आमच्या दारात उभे. काकूंना ताप होता. "मी उतईले जाऊन राहिलो," ते आईला म्हणाले. "एकटा बरा नाई दिसाचा. उशीरले पाठवता का संगं?" आईच्या मनात नव्हतं, पण बाबा म्हणाले, जाऊ दे, मैत्रिणीला भेटून येईल. मी बाबांची सायकल घेतली. सरांच्या हँडलला भाजीची पिशवी लटकत होती. त्यात काय आहे हे तिच्या गोलाईवरूनच कळत होतं. रस्ताभर ते काय काय बोलायचं ते मला ऐकवत होते. काकू शिबिरात तिच्यासोबत राहतील. भाड्याची काळजी नाही. थोड्या दिवसांचा तर प्रश्न.

त्या घराचं अंगण मोठं होतं, सारवलेलं, एका बाजूला मिरच्या वाळत घातलेल्या. सासूनं आम्हाला खाटेवर बसवलं. मोठा दीर गुरांना पाणी पाजून आला आणि भिंतीशी उकिडवा बसला. त्याच्या पायात ते कॅनव्हासचे बूट होते, मागची बाजू दाबून सपाता केलेले. सरांनी ते पाहिले.

सरांनी आपलं म्हणणं मांडलं. नीट मांडलं. दिरानं ऐकलं.

"म्हंजे सून खेळाले जाईन? चड्डी घालून?"

"सलवार घालते त्या," सर म्हणाले. "माझी बायको सोबत राहीन."

"अन् तुमी कोन लागता इचे?"

"मी कोच आहो तिचा."

"थे काय राह्यते?"

सर एकदम थांबले. बॉल कसा धरावा यावर तासभर बोलणारा माणूस, पण त्या अंगणात त्यांना एक शब्द सुचेना. तेवढ्यात यमुना आतून आली. हातात पाण्याचा तांब्या, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, खांदे पुन्हा पडलेले. ती सरांकडे पाहत नव्हती, कुणाकडेच पाहत नव्हती. सर तिच्याकडे बघत राहिले.

"हे पाहा, असं राह्यते," ते म्हणाले, आणि त्यांनी पिशवीतून बॉल काढून तिच्याकडे पास दिला.

जोरात नाही. छातीशी धरून दिलेला, नव्या मुलींना देतात तसा हळू पास. यमुनेनं तांब्या सोडला आणि बॉल झेलला. तांब्या आपटून मिरच्यांकडे गडगडत गेला, पाणी सगळं सारवणावर. पदर खांद्यावर पडला. आणि ती हसली. मोठ्यानं हसली, मैदानावर हसायची तशी. तिच्या हातांनी बॉल एकदा फिरवला आणि तिनं तो सरांकडे परत दिला, आणि सरांनी बसल्या जागी झेलला.

"शाबास!" ते म्हणाले.

तिचा नवरा तेव्हा फाटकात होता. ड्यूटीवरून आलेला, हातात सायकल. तरुण होता, आमच्यापेक्षा फार मोठा नसेल. तो रागावलेला दिसला नाही. लाजल्यासारखा दिसला. त्यानं सायकल भिंतीला लावली, तांब्या उचलला आणि आईच्या हातात दिला. यमुनेनं पदर डोक्यावर घेतला. तिचा चेहरा असा पांढरा पडला होता, की मला तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण मी खाटेवरून हलले नाही.

"आता निघा तुमी," सासू म्हणाली.

परतीच्या वाटेवर मी मागे राहिले. सर पुढे होते आणि मान मागे वळवून वळवून बोलत होते. "पाह्यलं? हात तसेच आहेत! एवढे दिवस बॉल नाई शिवला, अन् हात तसेच! तयार होतीन ते लोक. थोडा वेळ देऊ त्याईले. पुढच्या रविवारी जाऊ, काकूले घेऊन." त्या अंगणात काय झालं हे मला कळलं होतं. माझ्या वयाच्या कुठल्याही मुलीला कळलं असतं. त्यांना कळलं नव्हतं. इतके आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

पुढचा रविवार यायच्या आत यमुनेला तिचा दीर पत्र्याच्या पेटीसकट बापाच्या दारात सोडून गेला. आत आलासुद्धा नाही. सून परक्या माणसाशी अंगणात हसते-खेळते, आम्ही ठेवत नाही, एवढं दारातूनच सांगून गेला. दोन दिवसांत ही गोष्ट सगळ्या लाइनीत झाली, आणि लाइनीच्या टोकाला पोचेपर्यंत तिच्यात आणखी काय काय मिसळलं होतं. मी तिथे होते, मी पाहिलं होतं, असं मी ज्याला त्याला सांगितलं. आईनं मला घरात बसवलं.

सरांना ते समजेचना. काकूंनी मला सांगितलं, ते खोलीत येरझारा घालत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पन तिनं फक्त बॉल झेलला!"

"तुमाले बॉल दिसला," काकू म्हणाल्या. "त्याईले पदर दिसला."

ताप उतरला नव्हता तरी काकू माझ्या आईला घेऊन उतईला गेल्या. संध्याकाळी परत आल्या त्या आमच्याच घरी येऊन बसल्या, पाणीही घेतलं नाही. "मी तिच्या सासूचे पाय धरले," त्या म्हणाल्या. "तिनं पाय मागं नाई घेतले. तसेच राहू दिले. अन् म्हनते, उठा बाई, तुमाले लेकरू नाई, तुमाले हे नाई समजाचं." मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच, आणि तेही डोळे पुसताना.

सर यमुनेच्या वडिलांकडे गेले. मार खायची तयारी करूनच गेले असावेत. वडिलांनी आवाज चढवला नाही. "तुमी चांगले मानूस आहा, सर," ते म्हणाले. "पन आता येऊ नका." यमुना आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही, किंवा तिला येऊ दिलं नाही. महिन्याभरात तिला मामाच्या गावी पाठवून दिलं, आणि तिच्या पाठच्या दोघींची शाळा सुटली.

आमचाही खेळ बंद झाला. कुणी बंदी घातली नाही. एकेका घरातून मुली यायच्या थांबल्या, एवढंच. काही दिवस मैदानावर फक्त सर आणि काकू दिसायचे. काकू सूप घेऊन सतरंजीवर, आणि सर उभे. बॉल पिशवीतच. मग तेही यायचे थांबले. बोर्डाच्या फळ्या कुणीतरी चुलीसाठी एकेक करून नेल्या. पुढे टाउनशिपमध्ये सिमेंटचं पक्कं मैदान झालं, बाहेरून शिकून आलेला कोच नेमला. तो भला माणूस होता. सरांचं नाव ऐकून स्वतः त्यांच्या घरी गेला आणि मदतीला या म्हणाला. सर म्हणाले, "मले नाई येत तो खेळ."

हजेरी ऑफिसातली नोकरी त्यांनी नीट केली. वेळेवर जायचे, वेळेवर यायचे. नवीन मैदान त्यांच्या वाटेवर पडायचं, तर त्यांनी वाट बदलली. लांबच्या रस्त्यानं जायचे. गुडघ्याच्या गोष्टीही बंद झाल्या. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दुखते."

मी शिकले, शिक्षिका झाले. एकदा नागपूरहून परत येताना गोंदियाच्या स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबली होती. पाण्यासाठी उतरले तर नळावर यमुना. मी तिला उंचीवरून ओळखलं. ती घागरीला हात लावून उभी होती, बाजूला तीन मुलं. दोन मोठी तिची नव्हती. तिचं दुसरं लग्न एका बिजवराशी झालं होतं, रेल्वेत गँगमन होता. सगळ्यांत लहान मुलगी तिची. यमुनेचे पुढचे दोन दात नव्हते. मी विचारलं नाही.

ती बोलत होती, पण आधी माझंच विचारत होती. शाळा कोणती, पगार हातात येतो का, नवरा बरा आहे का. मग एकदम म्हणाली, "सर कसे हायेत?"

मी सांगितलं. खेळ सोडला, हेही सांगितलं.

"सोडला?" तिनं नळ बंद केला. "त्याईले वाटत अशीन, त्याईनंच माहं वाटोळं केलं. तसं नाई म्हना. मी त्या घरी तशीबी जगली नसती. सगळे म्हनत, गप राह्य, गप राह्य. सख्खा बाप आला नाई मले पाहाले. थे एकटे आले." मुलीचं नाक तिनं पदरानं पुसलं. "सांग त्याईले."

"तूच ये ना एकदा. नाहीतर पत्ता दे, मी त्यांना घेऊन येते."

तिनं माझा हात धरला. हात खरखरीत झाला होता, पण पकड तीच.

"नाई वं बाई. गावाचं नाव नको सांगू. थे येतीन." तिचा आवाज खाली गेला. "माह्या घरवाल्याचा सभाव तुले मालूम नाई. थे पक्के येतीन, पाह्य तू. पोरगी उंच होऊन राह्यली माही, थे पाहतीन अन् पुन्हा सुरू करतीन. मले आता नाई झेपाचं."

गाडीनं शिटी दिली. ती निरोप घेऊन वळली आणि मुलांना पुढे घालून पुलाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सरांकडे गेले. ते व्हरांड्यात खुर्चीवर होते, पाय समोर स्टुलावर. आतून स्टोव्हचा आवाज येत होता. यमुना भेटली म्हटल्यावर त्यांनी पाय खाली घेतला, दुखत असेल तरी. मी तिचा निरोप सांगितला, तिच्याच शब्दांत. तुम्ही एकटे आलात, असं ती म्हणाली. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांचं ओझं थोडं तरी उतरेल. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"तब्येत बरी आहे तिची?"

"हो."

"लेकरं?"

"एक मुलगी आहे. उंच आहे." बोलून गेल्यावर मी थांबले.

त्यांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आलं, आणि मला यमुनेची भीती कळली.

"कोन्या गावाले राह्यते?"

"गाडी सुटली, सर. विचारायचं राहिलं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. बाहेर सुटीचा भोंगा झाला आणि रस्त्यावरून सायकली जायला लागल्या.

"तिनंच सांगू नको म्हटलं अशीन."

मी खाली पाहिलं.

"बरोबर आहे तिचं," सर म्हणाले. "मी गेलो असतो."

आतला स्टोव्ह बंद झाला. काकूंना 'गेलो' एवढंच ऐकू आलं असावं; त्यांनी आतून विचारलं, "कोठी चालले तुमी?"

"कोठीच नाई," ते म्हणाले.